मासा, कासव आणि नऊशे पट्ट्या: नाकादाच्या पॅलेटांचा काळ कसा ठरला

हिरवट-करड्या दगडाचा एक चपटा मासा. जाडी जेमतेम बोटभर, लांबी तळहातात मावेल इतकी किंवा थोडी जास्त. पाठीवरच्या पराला खाचा, शेपटीला दोन टोकं, कडेला दोरा ओवायला भोक. डोळ्याच्या जागी गोल खळगा, त्यात कधीकाळी शिंपल्याचा किंवा हाडाचा मणी बसवलेला. दोन्ही बाजू घासून सपाट केलेल्या. उजेड तिरका पडला तर मधोमध वापरून झिजलेला थोडा खोलगट भाग दिसतो, आणि नशीब चांगलं असेल तर त्यात हिरव्या रंगाचा अंश अजून अडकून असतो.

प्राचीन इजिप्तमधल्या अशा शेकडो शिळा जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अभ्यासक त्यांना पॅलेट म्हणतात. काम आपल्या देव्हाऱ्यातल्या सहाणेचंच: दगडी गोट्याने तिच्यावर रंग वाटायचा. रंग मुख्यतः मॅलाकाइटचा, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजाचा. कधी गेरूचा. पुढे पुढे काळ्या रंगासाठी शिशाचं खनिज गॅलिना वापरात आलं, ज्याचा सुरमा आपल्याकडेही होत आला आहे. ही पूड पाण्यात किंवा चरबीत कालवून डोळ्यांभोवती लावत. मासा हा आकारांपैकी एक. कासवं आहेत, पाणघोडे आहेत, हत्ती, हरणं आणि पक्षी आहेत.

हे प्रकरण या पॅलेटांच्या काळाबद्दल आहे. वस्तूवर अक्षर नाही, राजाचं नाव नाही, ज्या थडग्यात ती सापडली तिथेही काही लिहिलेलं नाही. मग ती किती जुनी हे ठरवायचं कसं? १८९४ ते १९०१ या काळात एकाच माणसाने या प्रश्नाचं आधी साफ चुकीचं उत्तर दिलं आणि नंतर पुरातत्त्वविद्येला नवं हत्यार देणारं. दोन्ही उत्तरांमागे पुरावा तोच होता. म्हणून ती शेजारी-शेजारी मांडून पाहण्यासारखी आहेत.

नाकादा, हिवाळा १८९४-९५

नाकादा हे गाव वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिम काठावर, लक्सरच्या उत्तरेला साधारण २५-३० किलोमीटरवर. नदीपलीकडे किफ्त. किफ्तजवळून पूर्वेच्या वाळवंटात शिरणारी वाट वादी हम्मामात या कोरड्या खोऱ्यातून तांबड्या समुद्राकडे जाते. पॅलेटांचा दगड याच वादीतला. जुन्या पुस्तकांत त्याला सर्रास स्लेट म्हटलेलं आहे, ते बरोबर नाही. तो ग्रेवॅके किंवा सिल्टस्टोन जातीचा, बारीक कणांचा, दाट दगड आहे. त्याचे बऱ्यापैकी सपाट तुकडे निघतात, वाळू-पाण्याने घासून त्याला हवी तशी बाह्यरेषा देता येते आणि मॅलाकाइटपेक्षा तो कठीण असल्याने वाटताना रंगात माती मिसळत नाही. शिवाय मुळातच हिरवटपणाकडे झुकलेला. सोनं आणि दगड आणणाऱ्या वाटेच्या तोंडाशी नाकादा होतं, एवढं लक्षात ठेवलं तर इथे इतकी थडगी का, याचा अर्धा उलगडा होतो.

त्या हिवाळ्यात फ्लिंडर्स पीट्री इथे आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येचा प्राध्यापक होऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. बरोबर जेम्स क्विबेल. नाकादा आणि शेजारच्या बल्लास इथे मिळून हजारोंनी थडगी निघाली; एकट्या नाकादाचीच दोन हजारांच्या वर.

इतकी थडगी एका हंगामात उपसायची तर ढिगाऱ्यांची जत्रा व्हायला वेळ लागत नाही. पीट्रीने माणसांची उतरंड लावली होती. पोरं वाळूत मऊ जागा शोधायची. खड्डा लागला की साधे मजूर कडा मोकळ्या करायचे आणि भांडं दिसलं की थांबायचे. मग अधिक सराईत हात भांड्यांभोवतीची माती काढायचे. शेवटी अली सुएफी आत उतरायचा. हा पीट्रीचा सगळ्यात विश्वासू माणूस. तो मडकी, हाडं, मणी यांच्यावरची शेवटची माती काढायचा आणि त्यांना जागच्या जागी तोलून धरेल एवढीच खाली ठेवायचा. मग पीट्री येऊन नोंद करायचा. सापडलेल्या वस्तूबद्दल मजुराला बक्षिसी मिळायची, म्हणजे ती रातोरात व्यापाऱ्याकडे जाणार नाही. या प्रकरणात श्रेय वाटायचं तर अली सुएफीचा वाटा मोठा निघेल. पुढे जे काही सिद्ध झालं ते 'कशाशेजारी काय होतं' यावर उभं आहे, आणि ते शेजारपण मोडू न देणारे हात त्याचे होते.

नेहमीचं थडगं असं: वाळूत खणलेला खड्डा. त्यात देह डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, दोन्ही हात चेहऱ्यापुढे. डोकं दक्षिणेला, तोंड पश्चिमेला. भोवती मडकी. काहींची काठं काळी आणि अंग लाल, काहींवर पांढऱ्या रेषा, काहींवर तांबड्या रंगात होड्या. कित्येक थडग्यांत पायथ्याशी राखेने भरलेले रांजण. आणि काही थडग्यांत, हातांजवळ किंवा चेहऱ्यासमोर, पॅलेट. कधी सोबत तिचा गोटा आणि मॅलाकाइटचे दोन-चार खडे. मृताने हात पुढे केला तर लागेल, अशा बेताने ती ठेवलेली असे.

'काही' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बहुसंख्य थडग्यांत पॅलेट नाही. ती मिळते बाईच्या, पुरुषाच्या आणि लेकरांच्याही थडग्यात. म्हणजे निव्वळ बायकांच्या साजशृंगाराची वस्तू म्हणून तिचा निकाल लावता येत नाही, आणि घरोघरी असलेली वस्तू म्हणूनही नाही.

नवा वंश

आता निदान. पीट्रीपुढे हजारो थडगी होती आणि त्यांत इजिप्तचं म्हणून ओळखता येईल असं काहीच नव्हतं. चित्रलिपी नाही, देवतांच्या मूर्ती नाहीत, चाकावरची मडकी नाहीत, ममी नाही. मृतदेह आखडून ठेवलेले. तोवर पाहिलेले इजिप्शियन देह बहुधा लांब पसरलेले. उलट बाजूने पाहिलं तर परिचित इजिप्शियन थडग्यांत या लोकांच्या वस्तू सापडत नव्हत्या.

यावरून त्याने निष्कर्ष काढला की हे परके. बाहेरून आलेला एक 'नवा वंश', ज्याने जुन्या राज्याच्या, म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्या राजांच्या सत्तेच्या, पाडावानंतरच्या धामधुमीत या भागातल्या इजिप्शियनांना हुसकावलं आणि काही पिढ्या इथे राज्य केलं. थोडक्यात, त्याने ही थडगी पिरॅमिडांनंतरची ठरवली. प्रत्यक्षात ती पिरॅमिडांच्या कित्येक शतकं आधीची होती. चूक हजार-दीड हजार वर्षांची, आणि तीही उलट दिशेने. १८९६ साली नाकादा आणि बल्लासचा अहवाल छापला गेला तो याच निष्कर्षासह.

चूक हास्यास्पद नव्हती. पिरॅमिडांआधीच्या इजिप्तबद्दल तेव्हा कोणाला जवळपास काहीच ठाऊक नव्हतं. रिकाम्या खणात वस्तू ठेवायची कल्पना सुचणं अवघड असतं. पण माझ्या मते खरं कारण दुसरं आहे. 'हे केव्हाचे?' या प्रश्नाआधी पीट्रीने 'हे कोण?' हा प्रश्न सोडवून टाकला. माणसं वंशांत वाटून पाहण्याची सवय त्याला आधीपासून होती. १८८७ साली त्याने इजिप्शियन स्मारकांवरच्या निरनिराळ्या लोकांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं वंशांच्या अभ्यासासाठी जमवली होती. वस्तू वेगळ्या, म्हणजे माणसं वेगळी, हे त्याला पुराव्याची गरज नसलेलं वाटलं. नाकादाच्या कवट्याही लंडनला गेल्या आणि १९०२ साली त्यांच्या मोजमापांवर सिसिली फॉसेटचा मोठा संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यास काटेकोर होता. पण कवट्या एकीकडे आणि ज्यांच्याशेजारी त्या होत्या ती मडकी, पॅलेट दुसरीकडे, ही ताटातूट तिथपासूनची.

चूक दाखवली ती जाक द मॉर्गान या फ्रेंच माणसाने. तो मुळात खाणींचा अभियंता, तेव्हा इजिप्तच्या पुरावस्तू खात्याचा प्रमुख. कॉकेशस आणि इराणमध्ये काम केलेलं असल्याने गारगोटीची हत्यारं, हाताने घडवलेली मडकी, आखडलेले देह हे सगळं एकत्र दिसलं की काय समजायचं, हे त्याला ठाऊक होतं. १८९६ साली त्याने लिहिलं: ही थडगी प्रागैतिहासिक आहेत, म्हणजे राजवंशांच्या आधीची, आणि हे लोक इजिप्शियनच. पुढच्याच वर्षी त्याला खुद्द नाकादाजवळ पहिल्या राजवंशाच्या आरंभीचं विटांचं भव्य थडगं सापडलं, आणि प्रागैतिहासिक नाकादा व फॅरोंचा इजिप्त यांच्यातलं अंतर बरंच कमी झालं.

पीट्रीला हे लगेच रुचलं नाही. रुचलं तेव्हा मात्र त्याने नुसती मान डोलावून विषय संपवला नाही.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या

थडगी राजवंशांआधीची हे कळलं तरी त्यांच्यातली आधीची कोणती आणि नंतरची कोणती? वाळूत शेजारी-शेजारी खणलेल्या खड्ड्यांना थर नसतात. वरचं नवं, खालचं जुनं हा नियम इथे लागू पडत नाही. राजांच्या याद्या नाहीत. रेडिओकार्बन, म्हणजे अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत, यायला अजून अर्धं शतक होतं.

१८९८-९९ मध्ये पीट्रीने हू आणि अबादिया इथे त्याच काळाची आणखी थडगी खणली, आणि मग बसून सगळ्यांचा हिशोब मांडला. नमुन्यांनी समृद्ध अशी ९०० थडगी निवडली. प्रत्येकासाठी पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी, लांबी ७ इंच. पट्टीवर नऊ रकाने, मडक्यांच्या नऊ प्रकारांसाठी: काळ्या काठाची, झिलईची लाल, पांढऱ्या रेषांची, रंगवलेली, नागमोडी मुठींची, खडबडीत, असे. त्या थडग्यात कोणत्या प्रकारची कोणती घडण निघाली, ते त्या-त्या रकान्यात.

मग पट्ट्या लावायच्या, काढायच्या, पुन्हा लावायच्या. तत्त्व एवढंच की ज्या थडग्यांत सारखी मडकी ती काळाने जवळची. मडक्याची एखादी घडण निघते, रुळते आणि मागे पडते. तर पट्ट्यांचा क्रम असा हवा की प्रत्येक घडण रांगेच्या एका सलग भागात येईल, इकडे-तिकडे विखुरणार नाही. पांढऱ्या रेषांची मडकी आणि तांबड्या होड्यांची मडकी एका थडग्यात जवळजवळ कधी येत नाहीत, तेव्हा ती दोन टोकांकडे ढकलायची. काळ्या काठाची पुष्कळ काळ टिकतात, त्यांचा उपयोग कमी.

कणा ठरला तो नागमोडी मुठींच्या मडक्यांचा. आरंभी ही मडकी गोलाकार, पोट सुटलेली, दोन्ही बाजूंना धरायला खरीखुरी नागमोडी कंगोऱ्याची मूठ. नंतर अंग सडसडीत होतं, मूठ अंगाला चिकटते. मग मूठ म्हणून काही उरत नाही, मडक्याभोवती फिरणारी नागमोडी रेघ तेवढी राहते. शेवटी मडकं सरळ नळकांडं आणि रेघही साधी. आत काय होतं हेही बदलत गेलं. सुरुवातीच्या मडक्यांत सुगंधी चरबी. नंतरच्यांत तिच्याऐवजी माती. अगदी नंतरची रिकामीच. ही नोंद मला पट्ट्यांच्या सगळ्या गणितापेक्षा बोलकी वाटते: विधी चालू आहे, खर्च कमी झाला आहे.

पट्ट्यांची रांग लागली तरी तिचं कोणतं टोक जुनं, हे रांग सांगत नाही. तिथे 'उशिरा' म्हणून वेगळा काढलेला मडक्यांचा प्रकार कामी आला, कारण त्याचं पहिल्या राजवंशाच्या मडक्यांशी नातं जुळत होतं. ते टोक नवं. मग ९०० पट्ट्यांच्या रांगेचे समान ५१ भाग केले आणि त्यांना ३० ते ८० असे क्रमांक दिले. १ ते २९ मुद्दाम मोकळे ठेवले. याहून जुनं काही पुढे सापडेल म्हणून. १९२० च्या दशकात गाय ब्रंटन आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांना बदारी इथे ते सापडलंही, त्यांतल्या साध्या चौकोनी पॅलेटांसकट.

हे क्रमांक म्हणजे वर्षं नव्हेत. ४० नंतर ४१ येतो एवढंच ते सांगतात. मध्ये दहा वर्षं गेली की चाळीस, त्यावर गप्प. १८९९ साली पीट्रीने ही पद्धत मांडली, १९०१ च्या अहवालात ती तपशिलासह आली. तिचं गणित किती खोल होतं हे कळायला १९६० चं दशक उजाडलं. तेव्हा डेव्हिड केंडाल या संख्याशास्त्रज्ञाने पीट्रीच्या पट्ट्यांचं काम सूत्रांत मांडून पाहिलं. संगणकाने करायचं काम या गृहस्थाने पुठ्ठ्यावर आणि नजरेच्या जोरावर केलं होतं.

तोच नियम पॅलेटांना

मडक्यांची रांग तयार झाल्यावर त्याच थडग्यांतल्या पॅलेटही आपोआप रांगेत बसल्या. जे चित्र दिसलं ते ढोबळमानाने आजही टिकून आहे.

सुरुवातीला समभुज चौकोनाच्या, दोन टोकांना निमुळत्या लांबट पॅलेट. मग प्राणी येतात: कासव, पाणघोडा, हत्ती, रानबकऱ्या, मासे. नाकादाच्या मधल्या टप्प्यात माशांची चलती, आणि त्यांच्या जोडीला ढालीसारख्या पॅलेट, ज्यांच्या वरच्या कडेवर दोन पक्ष्यांची डोकी एकमेकांकडे पाठ करून असतात. शेवटच्या टप्प्यात प्राणी जवळजवळ नाहीसे होऊन साध्या आयताकृती पॅलेट उरतात, कडेने दोन-तीन रेघा कोरलेल्या.

पीट्रीने इथेही नागमोडी मुठीचाच नियम लावला: आकार आधी रेखीव, मग ढिला, मग नुसती खूण. चांगल्या माशाला पर असतात, खवल्यांच्या बाजूने गोलाई असते. पुढच्या माशाला शेपटीचा बुटका तुकडा. अखेर लंबगोलाला दोन खाचा, ज्यांत मासा पाहायचा तर आधी मासे पाहिलेले असावे लागतात. दोन पक्ष्यांचंही तसंच, चोची जाऊन दोन गाठी राहतात.

मासा कोणता, हेही चांगल्या नमुन्यांत ओळखता येतं. पुष्कळदा तो तिलापिया असतो. उजनीच्या काठावर चिलापी म्हणून जो विकला जातो तो याच आफ्रिकी कुळातला. नाईलमधल्या तिलापियाची मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्लं तिच्या तोंडातून बाहेर येतात. पुढच्या काळातल्या इजिप्शियनांनी यावरून त्याला पुनर्जन्माशी जोडलं. पण हा पुढचा अर्थ जसाच्या तसा मागे नेऊन नाकादाच्या माशावर बसवण्याचा मोह आवरावा, असं मला वाटतं. कारण कासव. प्रागैतिहासिक थडग्यांत कासवाच्या आकाराच्या पॅलेट आवडीने ठेवलेल्या दिसतात, आणि फॅरोंच्या काळात तेच कासव सूर्यदेवाचं वैरी, भाल्याने मारण्याजोगं. प्राणी तोच, अर्थ उलटा. माशाच्या बाबतीत असं झालं नसेलच, याची हमी कोण देणार?

नियम कुठे अडतो

पॅलेटांवर 'ढासळत्या आकाराचा' नियम मडक्यांइतका नीट बसत नाही, आणि याची कारणं वस्तूतच आहेत.

मडकं फुटतं. थडग्यात ठेवलेलं मडकं बहुधा त्याच वर्षा-दोन वर्षांतलं, अनेकदा त्यासाठीच घडवलेलं. दगडी पॅलेट आजीची नातीला जाऊ शकते. झिजलेला मध्य, दोऱ्याने रुंदावलेलं भोक आणि तुटल्यावर पुन्हा घासून गुळगुळीत केलेली कड या खुणा तिच्या दीर्घ आयुष्याच्याच आहेत. म्हणजे ज्या थडग्यात ती निघाली ते थडगं तिच्या जन्माचा नव्हे, तिच्या वापराच्या शेवटाचा काळ सांगतं. आणि तुटक्या शेपटीची कड घासली तर रेखीव मासाही 'ढासळलेला' दिसतो, तो ढासळलेल्या काळातला नसूनही.

दुसरं, हातातलं कसब सगळ्यांचं सारखं नसतं. चांगल्या कारागिराचा मासा आणि हौशी माणसाचा मासा एकाच वर्षी घडू शकतो. वाईट म्हणजे उशिराचा, हे समीकरण सोयीचं आहे, सक्तीचं नाही. वेर्नर कैझर या जर्मन अभ्यासकाने १९५७ साली अरमांतच्या दफनभूमीवरून सगळा क्रम नव्याने तपासला तेव्हा त्याने आकाराची अशी अधोगती गृहीत न धरता कोणती मडकी दफनभूमीच्या कोणत्या भागात दाटतात हे पाहिलं. पीट्रीचा मोठा सांगाडा त्यातूनही तगला. नागमोडी मुठीच्या मडक्यांवर त्याने टाकलेला भार मात्र कमी करावा लागला. नंतर रेडिओकार्बनने वर्षंही दिली: नाकादाचा काळ मोटामोटी इ.स.पू. चौथ्या सहस्रकाचा, आणि पहिल्या राजवंशाचा आरंभ इ.स.पू. ३१०० च्या आसपास.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेवटच्या टप्प्यात सामान्यांच्या थडग्यांतून प्राण्यांच्या पॅलेट जातात, हे पीट्रीला ऱ्हासासारखं दिसलं. पण त्याच सुमारास दुसरीकडे काय घडत होतं ते पाहा. प्राणी दगडावरून गेलेच नव्हते, त्यांनी जागा बदलली होती. आता ते बाह्यरेषेत नसून पृष्ठभागावर, उठावात, दाटीवाटीने कोरलेले दिसतात. ऑक्सफर्डच्या दोन कुत्र्यांच्या पॅलेटवर शिकारी कुत्रे आणि रानटी जनावरांची झुंबड. शिकाऱ्यांच्या पॅलेटवर सिंह आणि धनुर्धारी. रणभूमीच्या पॅलेटवर सिंह शत्रूला फाडतो आहे आणि गिधाडं प्रेतांवर. लूव्रमधल्या बैलाच्या पॅलेटवर माणसाला शिंगांवर घेणारा बैल, जो उघडच राजा आहे. आणि यांच्या शेवटी नारमेर या अगदी आरंभीच्या राजाची पॅलेट: सुमारे ६४ सेंटीमीटर उंच, दोन्ही बाजूंनी कोरलेली, चित्रलिपीत राजाचं नाव असलेली. तिच्या एका अंगावर लांब मानेचे दोन काल्पनिक श्वापद माना एकमेकींत गुंफून उभे आहेत आणि त्या मानांच्या विळख्यात मधोमध एक गोल खळगा आहे. रंग वाटायचा खळगा. एवढ्या अवजड शिळेवर रोज कोणी रंग वाटत बसलं असेल असं नाही, पण तो खळगा सोडायची हिंमत कारागिराला झाली नाही.

ही पॅलेट १८९७-९८ च्या हंगामात हायराकोन्पोलिसच्या मंदिराच्या आवारात क्विबेल आणि फ्रेडरिक ग्रीन यांना मिळाली. हाच तो नाकादाला पीट्रीबरोबर असलेला क्विबेल. थडग्यात नव्हे, मंदिरात. म्हणजे जी वस्तू आधी एखाद्या बाईच्या किंवा मुलाच्या चेहऱ्यापुढे ठेवली जायची, तिचा भरजरी अवतार आता राजा देवाला अर्पण करत होता, आणि गावातल्या माणसाच्या वाट्याला रेघा ओढलेला कोरा आयत येत होता. पीट्रीने एकाच दफनभूमीत पाहिलं म्हणून त्याला ऱ्हास दिसला. दफनभूमी आणि मंदिर एकत्र पाहिलं तर दिसते ती मक्तेदारी. अभ्यासकांत यावर मतं अनेक आहेत, पण मला तरी हे स्पष्टीकरण 'कारागीर आळशी झाले' यापेक्षा पटतं.

नोंदवही आणि शाई

पद्धत बदलली, पण सवय राहिली. पीट्रीने पुढे नाकादाच्या काळाचे तीन टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यामागे पुन्हा बाहेरून आलेले नवे लोक उभे केले. राजवंश स्थापन करणाराही त्याच्या लेखी एक वेगळा वंशच. वस्तू बदलली म्हणजे माणूस बदलला, हा हट्ट त्याने पट्ट्यांनंतरही सोडला नाही. टप्प्यांची नावं आजही चालतात. त्यांच्यामागचे वंश कोणी मनावर घेत नाही.

दुसरी उणीव अधिक नुकसानीची. १८९६ च्या अहवालात नाकादाच्या मोजक्याच थडग्यांचा तपशील छापला गेला. बाकीच्या शेकडो थडग्यांत काय-काय होतं, हे खोदकामाच्या वह्यांत राहिलं, आणि वस्तू तर ऑक्सफर्ड, लंडन, मँचेस्टर, फिलाडेल्फिया अशा ठिकठिकाणी वाटल्या गेल्या. एका थडग्याचं मडकं एका खंडात आणि पॅलेट दुसऱ्या. या पसाऱ्याची जुळणी करायचं काम अंगावर घेतलं ते एलिझे बाउमगार्टेल या ज्यू विदुषीने. नाझी सत्तेवर आल्यानंतर ती जर्मनीतून इंग्लंडला आली होती. पीट्रीच्या वह्या आणि संग्रहालयांतल्या वस्तू ताडून पाहत तिने थडग्यागणिक यादी बनवली; ती १९७० साली, खोदकामानंतर ७५ वर्षांनी, प्रसिद्ध झाली. आज नाकादाच्या थडग्यांवर बाई-पुरुष, श्रीमंत-गरीब, पॅलेट कोणाला आणि कोणाला नाही, असा जो काही अभ्यास होतो तो या यादीवाचून झाला नसता.

तिला हे जमलं त्याचं एक कारण अगदी क्षुल्लक आहे. पीट्री सापडलेल्या वस्तूवर थडग्याचा क्रमांक शाईने लिहीत असे. संग्रहालयात अशी पॅलेट पाहायची संधी मिळाली तर मासा किती रेखीव आहे हे पाहून झाल्यावर तिच्या मागच्या बाजूला किंवा कडेला काळ्या शाईतला तीन-चार आकडी क्रमांक आहे का, ते विचारावं. क्रमांक असेल तर ती कोणाशेजारी होती, कोणत्या मडक्यांबरोबर होती, हे शोधायची वाट मोकळी आहे. नसेल, आणि फलकावर फक्त 'खरेदी' एवढंच असेल, तर ती रांगेत बसवायला तिचा आकार तेवढा उरतो. तोही दरवेळी भरवशाचा नाही, कारण साध्या अस्सल पॅलेटवर आधुनिक हातांनी चित्रं कोरून तिची किंमत वाढवल्याचे प्रकार झालेले आहेत. नारमेरची पॅलेट नेमकी कोणत्या जागी होती, याबद्दल तर क्विबेल आणि ग्रीन यांच्याच नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.